पाचवा घास बाकी होता

माझी जीभ तिखट आहे. आई म्हणायची, "या पोट्टीच्या जिभेला हाड नाही अन् डोक्याला झाकण नाही." मी आधी बोलते, मग विचार करते आणि मग आठ-आठ दिवस एकटीच कुढत बसते. बहुतेक वेळा समोरचाही चार शब्द ऐकवतो आणि फिटंफाट होते. पण एकदा मी अशा माणसाला बोलले, जो उलट बोलतच नाही. माझ्या वडिलांना. तेही घरात नाही, भरल्या हॉटेलात. त्या हॉटेलात परत पाय ठेवायला मला बावीस वर्षं लागली, आणि गेले तीसुद्धा हौस म्हणून नाही.

राज्य नवं झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं, तेव्हाची ही गोष्ट. भोपाळहून आधी ट्रक भरून फायली आल्या, फायलींमागून साहेब आले, साहेबांमागून त्यांच्या बायका आल्या आणि बायकांमागून ब्यूटी पार्लरं, बुटिकं आणि हॉटेलं. बाबा सरकारी ऑफिसात बाबू होते. त्यांना या सगळ्याचं कौतुक एवढंच, की मोठ्या साहेबाच्या सहीसाठी आता भोपाळची गाडी धरावी लागत नाही. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात, इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात, भाड्याच्या तीन खोल्यांत राहायचो. आजोबा नोकरीसाठी अमरावतीकडून इकडे आले आणि इथलेच झाले. ऑफिसात हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि घरात आमची ती मराठी, जी ऐकून पुण्याचे लोक हसतात. हसोत बापडे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. राजधानी झाली म्हणून एका खाजगी कंपनीनं इथं नवं ऑफिस उघडलं होतं, तिथं मला कॉम्प्युटरवर नोकरी लागली, आणि मी स्वतःला काय समजत होते ते विचारूच नका. एसीत बसायचं, साहेब दिल्लीचे, शेजारच्या टेबलावरच्या मुली एकमेकींना "हाय" म्हणायच्या. पहिला पगार झाला तेव्हा मी घरात जाहीर केलं, की आपण तिघं त्या नव्या इटालियन हॉटेलात जेवायला जाऊ. तेलीबांधा तलावाच्या बाजूला ते नुकतंच उघडलं होतं. स्वयंपाकी खास इटलीहून आणला आहे, अशी गावभर बातमी होती. पुढे कळलं, तो शेजारच्या दुर्गचा होता.

"तिथं भेटते काय?" आईनं विचारलं.

"पिझ्झा, पास्ता."

"अन् भाजी?"

"आई, तिथं भाजी नसते."

"मग लावून काय खायचं?"

बाबा मात्र म्हणाले, "पोट्टी म्हणून राहिली तर जाऊ ना. तिच्या कमाईचं आहे." त्यांनी ठेवणीतला पांढरा शर्ट काढला, त्याला स्वतः इस्त्री केली आणि दुपारपासून दोनदा घड्याळ पाहिलं. ते फार खूश होते. हे मला तेव्हाही दिसत होतं, म्हणून तर पुढचं जास्त टोचतं.

इथं बाबांची एक सवय सांगितली पाहिजे. जेवायला बसलं की ते तळहातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवतात आणि ताटाच्या उजव्या बाजूला भाताचे पाच छोटे छोटे घास काढून ठेवतात. याला चित्राहुती म्हणतात. मुंज झालेले पुरुष पूर्वी घरोघर हे करायचे, आता फारसं कोणी करत नाही. लहानपणी मी विचारलं होतं, हे पाच घास कोणाचे? पहिले चार यम, चित्रगुप्त अशा वरच्या मंडळींचे. बाबा पडले बाबू, त्यांनी मला आपल्या भाषेत समजावलं, "चार वरच्या साहेबांचे अन् पाचवा सगळ्या जीवांचा. चिमणी आली, मुंगी आली, कोणीही येवो. साहेबांचा एखादा राहिला तर चालते, पाचवा राहू देऊ नये." जेवण झालं की आई ते घास मागच्या भिंतीवर ठेवायची आणि चिमण्या दोन मिनिटांत फडशा पाडायच्या.

हॉटेलात टेबलावर पांढरंशुभ्र कापड होतं, काचेचे पेले होते आणि कापडी रुमाल मोराच्या पिसाऱ्यासारखे दुमडून ठेवले होते. आम्ही बसलो आणि पाहते तर काय. शेजारच्याच टेबलावर आमचे दिल्लीचे साहेब बायकोसोबत बसले होते. त्यांनी मान हलवली, मी अर्धवट उठून "गुड ईव्हनिंग सर" म्हटलं.

तिथून पुढे मी जेवायला आलेली उरलेच नाही. जणू परीक्षा माझी होती आणि पेपर आईबाबांनी सोडवायचा होता. "काटा डाव्या हातात धरा." "आई, हळू बोल ना." "बाबा, वेटरला आवाज नाही द्यायचा, तो येतो आपोआप." आई हुशार. तिनं पर्समधून लिंबाच्या लोणच्याची डबी आणली होती. तिनं ती टेबलाखाली उघडली आणि रुमालाआडून बाबांच्या प्लेटमध्ये एक फोड सरकवली. मला दिसलं, पण साहेबांना दिसलं नाही म्हणून मी गप्प बसले. आई आपल्या मुलीला ओळखून होती. बाबांना लपवाछपवी कधी जमलीच नाही.

पास्ता आला. लाल रस्सा आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या नळ्या. बाबांनी प्लेटकडे जरा वेळ पाहिलं. भात नव्हता, पण अन्न तर होतं. त्यांनी पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं, प्लेटभोवती फिरवलं आणि ओठातल्या ओठात म्हणत एक नळी उचलून त्या शुभ्र कापडावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक नळीखाली लाल डाग पसरत होता. चौथी ठेवली तेवढ्यात वेटर लगबगीनं आला, "सर, कुछ गिर गया क्या?" आणि साहेबांच्या बायकोनं वळून पाहिलं.

"बाबा!" मला हळू म्हणायचं होतं, पण मोठ्यानं निघालं. "काय करून राहिले तुम्ही हे? लोक पाहून राहिले. नुसती लाज आणता. पुसा ते!"

चित्राहुती पुसत नाहीत. ते काय सांडलेलं खरकटं आहे? हे मला माहीत होतं, त्याच घरात वाढले होते मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नव्या साहेबानं सगळ्यांसमोर फाईल फेकली की जुना बाबू पाहतो ना, तसं. मग त्यांनी तो पिसाऱ्याचा रुमाल उलगडला आणि चारही घास पुसून घेतले. पाचवा बोटांत होता, तो परत प्लेटमध्ये ठेवला. आणि मी शिकवला होता तसा काटा डाव्या हातात धरून त्यांनी सगळा पास्ता संपवला. उठताना म्हणाले, "चांगलं होतं."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आई घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि आमची आई गप्प बसणं म्हणजे काय ते आमच्या पाऱ्यात कोणालाही विचारा.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी म्हटलं, झालं, आता इज्जतीचा फालुदा. साहेब म्हणाले, "उस दिन आपके पिताजी थे ना? बनारस में मेरे दादाजी भी खाने से पहले ऐसे ही निकालते थे. बरसों बाद देखा. मैं वाइफ को वही दिखा रहा था." मी "जी सर, जी सर" करत बाहेर आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोणी शहाणी मुलगी असती तर त्याच दिवशी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. सांगायचं तर आधी "माझं चुकलं" म्हणावं लागलं असतं, आणि ते दोन शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकतात. आज सांगू, उद्या सांगू करता करता माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला गेले. बाबांनी तर पुन्हा कधी विषयच काढला नाही. मला वाटलं, विसरले.

पुण्याला बाबा चार-पाच वेळा आले. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी त्यांचा उपास असायचा. मुलाच्या बारशाला आले तर संकष्टी. आम्ही फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला आले तर गुरुवार, मग शनिवार, मग मधल्या दिवसासाठी कुठलं तरी व्रत. पानात भात पडायच्या आत बाबा म्हणायचे, "माझा उपास आहे बरं का." आम्ही साबुदाणा भिजवायचो, राजगिऱ्याचे लाडू आणायचो. मी चेष्टा करायची, "बाबा, तुमचे देव पुण्यात आले की फारच कडक होऊन राहिले." ते हसायचे. नवरा म्हणायचा, तुझे बाबा म्हणजे संतमाणूस. केळी आणि ताकावर चार दिवस काढून संतमाणूस परत गाडीत बसायचा. सोबत आलेली आई कधी काही बोलली नाही, फक्त निघताना दर वेळी त्यांच्यासाठी डब्यात दहीभात भरून घ्यायची, आणि मला वाटायचं, प्रवासासाठी आहे.

एकदा बाबा आमच्या गॅलरीत उभे राहून जाळीकडे पाहत होते.

"हे काय बांधलं?"

"कबुतरांसाठी. घाण करतात मेली."

"मग इथं काहीच पाखरू येत नाही?"

"एक नाही येत," मी ऐटीत सांगितलं.

"अच्छा," म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

मी रायपूरला यायची तेव्हा घर भरलेलं असायचं. पाहुणे, पोरं, दोन-दोन पंगती. बाबा कधी जेवले, काय जेवले, कोण पाहतो.

दीड वर्षापूर्वी आई गेली. बाबा ऐंशीचे झाले आणि एकटे पडले. गुढियारीहून एक बाई येते, सकाळी स्वयंपाक करते, भांडी घासते आणि जाते. मी फोनवर रोज म्हणायची, पुण्याला चला. ते म्हणायचे, पाहू. मग या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण सकाळी बाई येईपर्यंत तिथंच बसून होते. हे मला दोन दिवसांनी कळलं. मी मिळेल त्या गाडीनं आले. ठरवूनच आले, की या वेळी बाबांना घेतल्याशिवाय परतायचं नाही. पुढच्या वेळी ते पडले आणि बाई त्या दिवशी आलीच नाही तर? हा विचार मला झोपू देत नव्हता.

बाबा काही हलायला तयार नव्हते. "मी इथं बरा आहे." मी समजावलं, रडले, माझ्या स्वभावाप्रमाणे भांडले. "लोक म्हणतील, एकुलती एक पोरगी अन् बापाला वाऱ्यावर सोडलं." पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा म्हणाले, "तुझ्या घरी मले जमत नाही."

"काय जमत नाही? जावई काही बोलला का?"

"नाही गं. तो हिरा आहे. असंच."

"असंच म्हणजे? काहून नाही जमत?"

"तू जेवून घे. माझा उपास आहे."

सोमवारी मी पोचले तेव्हा एकादशी होती. मंगळवारी म्हणाले, पारणं झालं, तू झोपून होती. बुधवारी प्रदोष. गुरुवार तर त्यांचा ठरलेलाच. शुक्रवारी पोट जड होतं म्हणून ताक. शनिवारी शनिवार. मला वाटलं, आईच्या दुःखात माणसाची अन्नावरची वासना उडाली आहे, आणि माझा जीव आणखीच थोडा थोडा झाला.

शनिवारी बाई भांडी घासता घासता म्हणाली, "दीदी, एक बात पूछूं? बुरा तो नहीं मानोगी?"

"पूछ."

"मां जी गईं, तेरही हो गई, उसके बाद बाबूजी रोज भात खाते थे. पांच कौर निकालते थे, मैं उधर दीवार पे रखती थी. आप आई हो तब से भात को हाथ नहीं लगाया. चिड़िया लोग रोज आके बैठते हैं, थोड़ा देर देखते हैं, फिर चले जाते हैं."

"रोज? गुरुवार को भी खाते थे?"

"हव दीदी. गुरुवार क्या, शनिवार क्या. बाबूजी तो खाली एकादशी करते हैं."

मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. भिंतीवर दोन चिमण्या होत्या. भिंत झाडून पुसून स्वच्छ होती. पुसा ते. ते वाक्य मी बोलले होते तसंच्या तसं मला ऐकू आलं, माझ्याच आवाजात, आणि एकदम सगळं उलगडलं. लग्नाआधी मी ऑफिसातून यायच्या आत उरकलेलं त्यांचं जेवण, बारशाची संकष्टी, वास्तुशांतीचा गुरुवार, कुठलं तरी व्रत. उपासाच्या फराळाला चित्राहुती लागत नाही. पानात भात नाही, तर घास काढायचा प्रश्न नाही, आणि लेकीला लाज आणायचाही प्रश्न नाही. बावीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर उपाशी राहिला होता. आणि मी त्याला पुण्याला चला म्हणत होते, कायमचं. त्यांनी तिथं आयुष्यभर एकादशी करायची होती का? मी पदर तोंडात कोंबून रडले. बाईनं पाहिलं आणि नळ मोठा सोडला.

बाबांना नुसतं "माझं चुकलं" म्हणून भागणार नव्हतं. ते म्हणाले असते, "कशाचं? काही नाही गं." बापाला मी ओळखत नाही का? त्यांना जिथं बोलले होते, तिथंच नेणं भाग होतं. मी पंचांग काढून पाहिलं. रविवारी काही नव्हतं. उलटसुलट पाहिलं, तरी काही नव्हतं.

"बाबा, उद्या दुपारी आपण बाहेर जेवायला चाललो. त्या इटालियन हॉटेलात."

"मी हॉटेलात खात नाही. अन् उद्या माझा..."

"उद्या काही नाही. मी पंचांग पाहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून कपाटातून पांढरा शर्ट काढला.

ते हॉटेल अजून तिथंच आहे. आजूबाजूला काचेच्या इमारती उगवल्या, तलावाकाठी फिरायला रस्ता झाला, सरकारी ऑफिसं केव्हाच नव्या रायपूरला गेली, पण हॉटेल टिकलं. फक्त पांढरं कापड गेलं, आता नुसतं लाकडी टेबल. मेनूत पनीर टिक्का पिझ्झा, जैन पिझ्झा, मंच्युरियन. इटलीनंही शेवटी आपल्यापुढे हात टेकले. बाबा काठी टेकत आत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि बरोबर त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन बसले. आणि मला वाटत होतं, विसरले.

मेनूत रिसोटो नावाचं काहीतरी दिसलं. मी वेटरला विचारलं, ये क्या होता है?

"मैडम, चावल ही है. गीला-गीला, चीज़ वाला."

म्हणजे इटलीत भात होता! तेव्हाही असेल. मी नीट वाचलंच कुठे होतं, मी तर साहेबांकडे पाहत होते. मी बिनलसणाचे दोन रिसोटो मागवले. ते आले. पांढरा, मऊ, वाफाळता भात. बाबांनी चमचा उचलला.

"बाबा, पाणी फिरवा."

"कशाले?" ते हळू आवाजात म्हणाले. "लोक पाहून राहिले."

टोमणा असता तर मी सोसला असता, टोमण्यांना मी भीत नाही. पण त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती. ते शेजारच्या टेबलाकडे पाहत होते, तिथं माझ्या ओळखीचं कोणी आहे का म्हणून.

मग मी बोलले. साहेबांनी सोमवारी केबिनमध्ये काय सांगितलं ते सांगितलं. ते मी लपवून ठेवलं, तेही सांगितलं. "बाबा, माझं चुकलं. तेव्हाही चुकलं अन् त्यानंतर रोज चुकलं. तुम्ही माझ्या घरी उपाशी राहिले अन् मी तुमची चेष्टा केली." एवढं बोलेपर्यंत माझं नाक गळायला लागलं होतं.

बाबा ऐकत होते. सगळं ऐकून पहिलं काय विचारावं? "बनारसचे होते का त्याचे आजोबा?"

"हो."

"तरीच." मग म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतं ना, वेडे. मी समजलो, माझ्यामुळं तुझी ऑफिसात मान खाली गेली. तुझ्या घरी चार मोठे लोक येतात. अन् माझा हात काही ऐकत नाही. समोर भात आला की आपोआप पाण्याकडे जाते. मग म्हटलं, भातच नको."

"मग आता जाऊ द्या ना हाताला."

ते काही करेनात. तेव्हा मीच पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं.

"तुझी मुंज झाली का?" बाबा म्हणाले.

"नाही झाली. पाहू द्या देवाला, काय करते तो."

मी पाणी फिरवलं. "उलटं फिरवलं," बाबा म्हणाले, "उजवीकडून." मी पुन्हा फिरवलं. मग त्यांच्या प्लेटमधला भात चिमटीत घेऊन टेबलावर एक घास ठेवला. भात चीजमुळं चिकट, बोटांना सोडेना. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. बाबा ओठातल्या ओठात म्हणत होते, मला ऐकू येत होतं. चौथा ठेवला आणि मी हात मागे घेतला.

"पाचवा," बाबा म्हणाले.

"तो तुमचा बाकी आहे. त्या दिवसापासून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात पुढे आला आणि त्यांनी पाचवा घास ठेवला. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. त्यांना रडताना मी आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वेटर आलाच. "सर, कुछ गिर गया? मैं साफ कर देता हूं."

"गिरा नहीं है भैया, रखा है!" मी म्हटलं, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, सगळं हॉटेल वळलं. "कोई हाथ नहीं लगाएगा."

वेटर दोन पावलं मागे सरकला. बाबा म्हणाले, "हळू बोल ना," आणि हसले. मग त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि हातानं जेवायला लागले. "मऊ भात आहे. पचायला बरा. मीठ कमी." मी पर्समधून लिंबाच्या लोणच्याची डबी काढली आणि टेबलावर, मधोमध, झाकण उघडून ठेवली. सहा दिवसांनी बापाला पोटभर जेवताना पाहत होते. माझा भात गार झाला.

उठताना बाबांनी कागदी रुमालात ते पाच घास नीट गोळा केले, पुडी बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. घरच्या चिमण्यांसाठी. मग पाणी पिता पिता, दुसरंच काही विचारावं तसं म्हणाले, "तुझ्या गॅलरीत ती जाळी आहे ना अजून?"

"आहे ना."

"मग ती काढा लागन."

मला समजायला एक क्षण लागला. मग मी तिथूनच, टेबलावरूनच, नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, गॅलरीची जाळी आजच काढून टाक.

"अगं, पण कबुतरं येतील!"

"येऊ दे," मी म्हटलं. "बाबा येऊन राहिले."